सोनोग्राफीत निरोगी स्वादुपिंड दिसतं तरी कसं?

विश्रामबागची_सून (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सासऱ्यांची (वय ६८) पोटाची सोनोग्राफी परवा सांगलीत करून घेतली. जेवण झालं की वरच्या पोटात जड होतं आणि ढेकरा येत राहतात, तक्रार एवढीच. मधुमेह जुना आहे, गोळ्या चालू आहेत. रिपोर्टात पित्ताशय, मूत्रपिंडं, प्लीहा सगळं ठीक, यकृत 'ग्रेड वन फॅटी'. स्वादुपिंडाच्या ओळीत मात्र असं लिहिलंय: 'हेड अँड बॉडी माइल्डली इकोजेनिक, टेल ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस, एमपीडी नॉट डायलेटेड.' आणि खाली निष्कर्षात स्वादुपिंडाचं नावच नाही.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. त्यांच्यावर विश्वास आहे, उपचार मला इथे विचारायचे नाहीत. पण आमचे अण्णा तो कागद रोज चष्मा लावून वाचतात आणि विचारतात, "इकोजेनिक म्हणजे काय गं? आणि शेपूट दिसलं नाही म्हणजे गेलं कुठं?" मला उत्तर देता येत नाही. निरोगी स्वादुपिंड त्या पडद्यावर कसं दिसतं एवढंच कुणी नीट सांगेल का? ते कळलं तर हा कागद वाचता येईल.

मिरज_जंक्शन

ताई, राग मानू नका, पण रिपोर्टचा अर्थ इंटरनेटवर लावायचा नसतो. डॉक्टरांनी ठीक म्हटलंय ना, मग कागद फाइलला लावा आणि अण्णांना संध्याकाळी आमराईत फिरायला पाठवा. माझ्या मेहुण्यानं असंच एकेक शब्द शोधून शोधून झोप घालवून घेतली होती.

हळदपेठ

आमच्या आईच्या रिपोर्टातही गॅसचं हेच वाक्य होतं. आई म्हणे, "मला गॅस नाहीच, उगाच लिहिलंय." ती अजून त्या डॉक्टरांवर रुसून आहे.

कृष्णाकाठ

मिरज_जंक्शन, माहिती घेणं आणि उपचार करणं यात फरक आहे की. धागाकर्तीनं स्पष्ट लिहिलंय. कागदावर लिहिलेलं घरातल्या माणसाला कळलंच पाहिजे. वाचतो आहे.

करडी_छटा

मी रेडिओलॉजिस्ट आहे, आपल्याच जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. अण्णांच्या रिपोर्टवर मत देणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण प्रश्न फार चांगला आहे. सेंटरवर बाहेर रांग असते, पेशंटला हे विचारायला उसंत मिळत नाही आणि आम्हाला सांगायला. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

स्वादुपिंड शोधताना आम्ही आधी स्वादुपिंड शोधत नाही, रक्तवाहिन्या शोधतो. या ग्रंथीला ठसठशीत आवरण नसतं, कडा आजूबाजूच्या चरबीत मिसळलेल्या असतात, त्यामुळे एकदम डोळ्यात भरत नाही. रक्त मात्र पडद्यावर काळं दिसतं आणि काळं चटकन सापडतं. छातीच्या हाडाखाली प्रोब (पोटावर फिरवायचं हातातलं यंत्र) आडवा ठेवला की सगळ्यात मागे मणक्याची पांढरी कड येते. तिच्यापुढे महाधमनीचं मोठं काळं वर्तुळ. त्याच्या पुढे अजून एक छोटं काळं वर्तुळ, त्याला पांढरीशुभ्र किनार. ही आतड्याला रक्त पुरवणारी धमनी, आणि किनार म्हणजे तिच्याभोवतीची चरबी. आता या छोट्या वर्तुळाच्या पुढून एक काळी पट्टी आडवी जाताना दिसते. ती प्लीहेकडून येणारी शीर, स्प्लेनिक व्हेन. ती सापडली की निम्मं काम झालं. तिला पुढून टेकून जी करडी-पांढुरकी आडवी पट्टी असते तेच स्वादुपिंड.

डोकं उजवीकडे, लहान आतड्याच्या पहिल्या वळशात बसलेलं. तिथं दोन बारीक काळे ठिपके दिसतात, पुढच्या कडेला धमनीचा आणि मागच्या कडेला पित्तनलिकेचा. हे दोन दिसले की डोक्याची हद्द कळली. शेपूट डावीकडे प्लीहेच्या दिशेनं, बहुधा थोडं वर चढत गेलेलं. पूर्ण ग्रंथी मोठ्या माणसात साधारण १२ ते १५ सेंमी लांब असते, पण ती एका सरळ रेषेत नसल्यानं एकाच चित्रात अख्खी क्वचितच येते. प्रोब तिरका करत करत तुकड्यातुकड्यानं बघावी लागते.

निरोगी ग्रंथीचा पोत एकसारखा हवा, बारीक रवा ताटात पसरल्यासारखा. वयानुसार कडा थोड्या खडबडीत होतात, तेही चालतं. जाडी पुढून मागे मोजतात: डोक्याजवळ ३ सेंमीच्या आत, मध्यभागी आणि शेपटाजवळ साधारण २ ते २.५ सेंमीच्या आत. पुस्तकापुस्तकात थोडा फरक आहे आणि नुसत्या आकड्यावरून कुणी आजार ठरवत नाही. एखादाच भाग फुगलेला आहे का, कडा कुठे बाहेर आली आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

मधून जाणारी नळी म्हणजे तुमच्या कागदावरचं एमपीडी. दोन बारीक पांढऱ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये केसाएवढी काळी फट, अशी ती दिसते. डोक्याजवळ ३ मिमी, मध्ये २ आणि शेपटाजवळ १ मिमीपर्यंत असली की ठीक. अनेकांत ती दिसतच नाही, तेही नॉर्मल. 'डायलेटेड नाही' ही तुमच्या रिपोर्टातली चांगली बातमी आहे. नळी फुगली असेल तर पुढे अडलंय काय ते शोधावं लागतं.

इकोजेनिकबद्दल रात्री लिहितो, पेशंट आलेत.

बेदाणा_तासगाव

डॉक्टर, हे असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सेव्ह करून ठेवलं.

जीवशास्त्राच्या_बाई

शाळेत तीस वर्षांहून जास्त काळ पचनसंस्था शिकवली, त्यामुळे राहवत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या नळीचा शोध १६४२ साली इटलीत पादुआला विर्सुंग नावाच्या जर्मन शरीररचनातज्ज्ञानं लावला. नळी सापडली पण तिच्यातून काय वाहतं ते त्याला कळेना. त्यानं तिचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि छाप युरोपातल्या जाणकारांना पाठवून विचारलं, हे काय असेल? आज आपण त्याच नळीची रुंदी मिलिमीटरमध्ये कागदावर वाचतो आहोत, आणि तीही पोट न फाडता. मला याचं फार अप्रूप वाटतं.

मुलांना मी नेहमी सांगायची की ही ग्रंथी दोन वेगळ्या नोकऱ्या करते. पाचकरस नळीतून आतड्यात सोडते आणि इन्सुलिन थेट रक्तात. इन्सुलिन करणारी पेशींची बेटं लांगरहान्सनं १८६९ मध्ये पाहिली. ही बेटं अख्ख्या ग्रंथीच्या वजनात जेमतेम एक-दोन टक्के. म्हणून माझा डॉक्टरांना प्रश्न: मधुमेह असलेल्या माणसाचं स्वादुपिंड सोनोग्राफीत वेगळं दिसतं का?

हळदपेठ

बाई, माझाही हाच प्रश्न. आमच्या गल्लीत एकजण सांगत होते, सोनोग्राफीत स्वादुपिंड नॉर्मल आलं म्हणून त्यांनी साखरेची गोळी बंद केली.

करडी_छटा

हळदपेठ, त्यांना आजच्या आज डॉक्टरांकडे पाठवा. सोनोग्राफी ग्रंथीचा आकार, पोत, नळी, गाठ, खडे, भोवतीचं पाणी दाखवते. इन्सुलिन किती बनतं हे दाखवत नाही. ती बेटं सूक्ष्मदर्शकाखालची. टाइप टू मधुमेहात ग्रंथी अगदी नॉर्मल दिसू शकते, किंवा चरबीमुळे पांढुरकी दिसू शकते. साखर रक्त तपासूनच कळते.

आता इकोजेनिक. पडद्यावर जे जास्त पांढरं ते जास्त इकोजेनिक, एवढाच अर्थ. पांढरं-काळं नेहमी शेजाऱ्याशी तुलना करून ठरतं. निरोगी मोठ्या माणसात मूत्रपिंडाची बाहेरची साल सगळ्यात गडद, यकृत तिच्याहून किंचित उजळ, स्वादुपिंड यकृताएवढं किंवा त्याहून थोडं उजळ. लहान मुलांत ग्रंथीत चरबी नसते म्हणून ती यकृताएवढीच, कधी त्याहून गडदही दिसते आणि अंगाच्या मानानं जरा भरलेली असते. वय वाढेल तशी ती बारीक होत जाते आणि तिच्यात चरबी शिरते, म्हणून पांढुरकी होते. साठीनंतर, त्यात पोट सुटलेलं असेल किंवा साखर असेल तर 'माइल्डली इकोजेनिक' मी जवळपास रोज लिहितो. काळजी कशाची वाटते? पूर्ण ग्रंथी सुजून गडद झाली असेल तर, उजळ ग्रंथीत वेगळा गडद गोळा असेल तर, किंवा मागे सावली टाकणारे पांढरे खडे असतील तर.

आणखी एक गोष्ट, जी यकृतामुळे होते. अण्णांचं यकृत फॅटी आहे, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तेच पांढरं झालेलं. अशा वेळी फक्त यकृत बघून स्वादुपिंडाचा रंग ठरवला तर फसायला होतं. मग मूत्रपिंड, प्लीहा यांच्याकडे बघावं लागतं.

मिरज_जंक्शन

डॉक्टर, तुमचं लिखाण आवडलं, मान्य करतो. पण एक विचारतो, स्पष्ट विचारतो. 'गॅसमुळे दिसलं नाही' ही घाईची पळवाट नाही का? माझी सोनोग्राफी एका ठिकाणी झाली होती, प्रोब फिरला आणि दुसरा पेशंट आत. पैसे पूर्ण घेतले. मिरजेला बेळगाव, अथणीहून माणसं येतात ती गावाच्या नावावर विश्वास ठेवून. १८९४ मध्ये वानलेस साहेबांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. अशा गावात माणसाला अर्धवट कागद मिळाला की वाईट वाटतं.

करडी_छटा

रास्त प्रश्न आहे. गॅस खराच असतो. आवाजाच्या लहरी मऊ ऊतींतून सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगानं जातात, पण वाटेत हवा आली की जवळजवळ सगळ्या तिथूनच परत फिरतात. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या बाजूला दडलेलं, पुढे जठर आणि मोठं आतडं. दोन्हीकडे हवा. शेपूट तर सगळ्यात अवघड जागी. त्यामुळे उत्तम मशीन आणि उत्तम हात असूनही काहींत ते दिसत नाही, आणि तेव्हा तसं लिहिणं हाच प्रामाणिकपणा. न दिसलेल्या भागाला 'नॉर्मल' लिहिणारा रिपोर्ट मला जास्त खटकतो.

पण प्रयत्न झाला पाहिजे, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पेशंटला खोल श्वास घेऊन रोखायला सांगायचं, म्हणजे यकृताचा डावा भाग खाली सरकतो आणि त्याच्यातून स्वादुपिंड दिसतं. प्रोब हळूहळू दाबायचा, हवा बाजूला सरकते. कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं. शेपटासाठी डाव्या बरगड्यांमधून, प्लीहेतून बघायचं. तरी नाही दिसलं तर दोन-तीन ग्लास पाणी पाजून थोडं थांबून पुन्हा बघायचं. पाण्यानं भरलेलं जठर हवेऐवजी खिडकीचं काम करतं. याला वेळ लागतो. ज्याच्या दारात चाळीस माणसं बसलीत तो प्रत्येकाला एवढा वेळ देत नाही, हे मी नाकारत नाही.

मिरज_जंक्शन

सरळ उत्तर दिलंत, आभारी आहे.

रिसेप्शन_टेबल

मी एका सोनोग्राफी सेंटरवर अपॉइंटमेंट देते. निम्मी गडबड आमच्या टेबलापाशीच होते. "सहा ते आठ तास पोट रिकामं" सांगितलं की लोक चहा धरतच नाहीत. चहा, दूध, ताक, तंबाखूची चिमूट, काहीही चालत नाही. दुधानं पित्ताशय आकसतं आणि बाकी गोष्टींनी पोटात हवा जाते. चतुर्थीच्या दिवशी एक आजी आल्या, "उपाशीच आहे बाळा" म्हणाल्या आणि मग कळलं की खिचडी आणि दाण्याचा लाडू खाऊन निघाल्या होत्या. त्यांना दुसऱ्या दिवशीची पहिली वेळ दिली.

दुसरा गोंधळ पाण्याचा. लघवी भरलेली लागते ती ओटीपोटासाठी. लोक घाईघाईत बाटली तोंडाला लावून गटागट पितात, पाण्याबरोबर हवाही गिळतात, मग वरच्या पोटातलं काही दिसत नाही. पाणी पिताना सावकाश, घोट घोट.

बेदाणा_तासगाव

आदल्या रात्री भडंग खाल्लं तर चालतं का? खरंच विचारतोय, आमच्याकडे रात्री नऊला भडंगाची परात बसतेच.

रिसेप्शन_टेबल

कांदा-मिरचीसकट परात असेल तर नको दादा. आदल्या रात्री हलकं जेवा, भात-आमटी. हरभरा, मटकी, कोबी टाळा. सोनोग्राफी झाली की भडंग आहेच.

बेदाणा_तासगाव

बरं, आता गंभीर अनुभव लिहितो, कारण इथे 'नॉर्मल दिसलं म्हणजे सुटलो' असा समज होऊ नये. माझ्या धाकट्या भावाला मध्यरात्री पोटात असह्य दुखायला लागलं. दुखणं सरळ पाठीत जायचं, पुढे वाकून बसलं की थोडं कमी, आणि उलट्या. एका छोट्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. स्वादुपिंड नीट दिसतंय, सूज नाही असं सांगून ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. पहाटे परत न्यावं लागलं, या वेळी मोठ्या हॉस्पिटलात. तिथं रक्तात लायपेज (स्वादुपिंडातला एक पाचक पदार्थ) तपासलं, खूप वाढलेलं. स्वादुपिंडाला सूज होती. पित्ताशयात खडे होते, पुढे ते ऑपरेशन करून काढले. भाऊ आता ठणठणीत आहे, पण ती रात्र आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही.

करडी_छटा

हा अनुभव लिहिलात ते फार बरं केलंत. पॅन्क्रियाटायटिसच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेच्या, सुरुवातीच्या तासांत सोनोग्राफी अगदी नॉर्मल असू शकते. नंतर ग्रंथी फुगते, गडद होते, भोवती पाणी दिसू लागतं, आणि तेव्हाच नेमका आतड्यातला गॅस इतका वाढतो की बघणं कठीण जातं. म्हणून तसं दुखणं आणि रक्तात लायपेज किंवा अमायलेज (तसाच दुसरा पाचक पदार्थ) नॉर्मलच्या तिपटीहून जास्त असेल, तर चित्र काहीही असो, निदान होतं. अशा पेशंटमध्ये सोनोग्राफीचा मोठा उपयोग पित्ताचे खडे शोधण्यासाठी. खडे आणि दारू ही दोन मोठी कारणं.

कृष्णाकाठ

मग सरळ सीटी स्कॅनच का नाही करत? एकदाच काय ते कळेल.

करडी_छटा

कारण प्रत्येक ढेकरेला सीटी करायचा नसतो. स्वादुपिंडासाठी शिरेतून औषध देऊन सीटी करावा लागतो, त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चाललीत ते सांगणारी रक्ततपासणी) बघावं लागतं, शिवाय किरणोत्सर्ग आहे. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, हवी तितक्यांदा करता येते. पण काही लक्षणं अशी आहेत की सोनोग्राफी नॉर्मल आली तरी मी स्वतः पुढची तपासणी सुचवतो: कारण नसताना वजन उतरणं, कावीळ, पाठीत जाणारं सततचं दुखणं, आणि पन्नाशीनंतर एकदम सुरू झालेला मधुमेह व त्याबरोबर घटणारं वजन. मग सीटी, एमआरसीपी (एमआरआयनं काढलेलं नळ्यांचं चित्र) किंवा दुर्बिणीतून आत जाऊन केलेली सोनोग्राफी. त्या शेवटच्या प्रकारात प्रोब जठराच्या आतून थेट ग्रंथीला भिडतो, मधे हवा येतच नाही, आणि बारीकशी गाठही दिसते.

जीवशास्त्राच्या_बाई

किती सुंदर युक्ती आहे. शिकवत असते तर उद्याच वर्गात सांगितलं असतं.

विश्रामबागची_सून (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा वर आणते आहे, कारण पुढची हकीकत सांगायची आहे.

करडी_छटा यांचा पहिला प्रतिसाद मी अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी वहीत चित्र काढलं, मोठं वर्तुळ, छोटं वर्तुळ, आडवी पट्टी. वजन उतरणं, कावीळ यातलं त्यांना काही नाही, तरी शेपूट राहिलंय ही हुरहुर होतीच. फॅमिली डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, समाधानासाठी एकदा परत बघू. मिरजेत सकाळची पहिली वेळ घेतली. आदल्या रात्री भात-आमटी. तिथल्या डॉक्टर बाईंना अण्णांनी आधीच सांगून टाकलं, "मला शेपूट बघायचंय." त्या हसल्या आणि पडदा आमच्याकडे वळवला.

आणि खरंच तसंच दिसलं! मणका, महाधमनी, पांढऱ्या किनारीचं छोटं वर्तुळ, पुढून जाणारी काळी पट्टी. अण्णा झोपल्या झोपल्या बोटानं दाखवत होते, "ही बघ शीर, आणि हे पुढचं ते." डाव्या बाजूला आधी नुसताच पांढरा धूर. मग त्यांना उठवून बसवलं, पाणी दिलं, थोडं थांबलो. आता जठर काळं, स्वच्छ दिसायला लागलं आणि त्याच्या मागे ती करडी पट्टी प्लीहेकडे जाताना स्पष्ट दिसली. सारखा पोत, गाठ नाही, नळी २ मिमी. रिपोर्टात लिहिलंय, 'वयोमानानुसार चरबीचं प्रमाण वाढलेलं, बाकी नॉर्मल.' जड वाटण्यासाठी डॉक्टरांनी रात्रीचं जेवण लवकर करायला आणि जेवल्यावर लगेच आडवं न व्हायला सांगितलंय.

मिरज_जंक्शन, अण्णा संध्याकाळी आमराईत जातात हो आता.

मिरज_जंक्शन

वा! अण्णांना नमस्कार सांगा. मेहुण्याला या धाग्याची लिंक पाठवली आहे.

हळदपेठ

आईला दाखवलं. म्हणाली, "म्हणजे गॅस सगळ्यांनाच असतो होय." राग गेला. एक शेवटचं विचारते. तिला साखरेची गोळी सकाळी उठल्या उठल्या असते. उपाशीपोटी सोनोग्राफीला जायचं तर गोळी घ्यायची की नाही?

करडी_छटा

मनानं घेऊही नका आणि बंदही करू नका, गोळी देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी फोन करून विचारा. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिननं उपाशीपोटी साखर एकदम उतरते. सेंटरवर मधुमेह आहे असं सांगून पहिली वेळ मागा, सहसा देतात. पिशवीत खाऊ आणि साखरेची पुडी ठेवा. थांबावं लागलं आणि घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले तर सोनोग्राफीचा विचार न करता लगेच साखर खायला द्या आणि टेबलावर सांगा. तपासणी दुसऱ्या दिवशी होते.

रिसेप्शन_टेबल

बरोबर. आणि जुने रिपोर्ट आणा बरोबर, आधीचं माप बघायला डॉक्टरांना लागतं.